‘मॅकबेथ’च्या रंगसूचनेतले ‘होबॉय’ : ओबो म्हणावे की सनई?

लक्ष्मीनगरची वाचक

सर्वांना नमस्कार. नागपूरच्या लक्ष्मीनगरमधल्या आमच्या छोट्या मंडळात दर हिवाळ्यात परभाषेतल्या एखाद्या नाटकाचे मराठी अभिवाचन होते. यंदा शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ घेतले आहे आणि भाषांतर माझ्या वाट्याला आले आहे. संवादांनी अडवले नाही इतके मला रंगसूचनेतल्या एका शब्दाने अडवले आहे. पहिल्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात राजा डंकन मॅकबेथच्या गढीवर पाहुणा म्हणून येतो, तेथे १६२३ सालच्या छापील संग्रहात ‘होबॉय आणि मशाली’ एवढीच सूचना आहे. कोशात पाहिले तर ‘ओबो या वाद्याचे जुने नाव’ असा सरळ अर्थ मिळाला (ओबो म्हणजे फुंकून वाजवायचे एक पाश्चात्त्य लाकडी वाद्य), म्हणून मीही ‘ओबो’ लिहून पुढे गेले.

पहिल्या तालमीत ध्वनीची बाजू सांभाळणाऱ्या मुलाने त्या जागी ओबोचे एक ध्वनिमुद्रण वाजवले. सूर फार गोड होता, पण कुणीतरी एकट्याने खिडकीशी बसून वाजवावे तसा तो आतल्या आत वळत होता. राजा दारात आला आहे, मशाली पेटल्या आहेत, यजमानीण सामोरी येते आहे, यातले काहीही त्या सुराने डोळ्यांपुढे उभे राहिले नाही. वाचणाऱ्यांनाही ते जाणवले आणि तालीम तिथेच थांबली.

त्यातच दुसरा गोंधळ झाला. याच सुमारास मी जेन ऑस्टिन यांची ‘एमा’ ही कादंबरी पुन्हा वाचत होते. त्यात डॉनवेलच्या बागेत सगळे स्ट्रॉबेरी खुडायला जमतात, तेव्हा मिसेस एल्टन एका दमात बोलत सुटतात आणि ‘होबॉय’ इतरांपेक्षा कितीतरी सरस असून हल्ली दुर्मिळ झाले आहेत, असे सांगतात. फळबागेत वाद्य कुठून आले, हे मला कळेना. दोन्ही ठिकाणी शब्द तोच आहे.

माझे प्रश्न दोनच आहेत. शेक्सपिअरच्या काळी ‘होबॉय’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला नेमके कोणते वाद्य ऐकू येत असे, आणि मराठीत त्याला काय म्हणावे? शिवाय हा एकच शब्द वाद्यापासून फळापर्यंत कसा पोहोचला, हे कुणी सांगू शकल्यास मी आभारी राहीन.

कामठीकर

ताई, आपल्या मंडळींच्या कानांनी बरोबर दाद मागितली. मी लष्करी बँडमध्ये बावीस वर्षे ओबो वाजवला आणि निवृत्तीनंतर कामठीतच स्थायिक झालो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

कोशातला अर्थ चुकीचा नाही, पण तो शेक्सपिअरच्या नंतरचा आहे. ‘मॅकबेथ’ साधारण १६०६ च्या सुमारास लिहिले गेले आणि शेक्सपिअर १६१६ मध्ये वारले. आज ज्याला आपण ओबो म्हणतो त्याचा पहिला अवतार फ्रान्सच्या राजदरबारातल्या वादकांनी आणि वाद्यकारांनी सतराव्या शतकाच्या मध्यानंतर घडवला. ओत्तेतेर आणि फिलिदोर या दोन घराण्यांना त्याचे श्रेय परंपरेने दिले जाते. म्हणजे ‘मॅकबेथ’च्या पहिल्या प्रेक्षकांनी ओबो ऐकलेलाच नव्हता. त्यांनी जे ऐकले त्याला आज अभ्यासक ‘शॉम’ म्हणतात. शॉम हे एकसंध लाकडाचे, तोंडाशी अरुंद आणि खाली कर्ण्यासारखे पसरत जाणारे, दुहेरी पत्तीवर, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या दोन पातळ पात्यांवर वाजणारे आणि मोकळ्या मैदानात लांबवर ऐकू जाणारे वाद्य होते. हे वर्णन वाचताच आपल्या डोळ्यांपुढे सनई आली असेल, तर ती योग्यच आली. इराण आणि तुर्कस्तानातली सुरना किंवा झुर्ना, आपली सनई आणि युरोपातला शॉम ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

नावाचा अर्थही इथेच उलगडतो. ‘होबॉय’ हा फ्रेंच ‘ओब्वा’चा इंग्रजी तोंडात बसलेला उच्चार आहे. त्यातल्या ‘ब्वा’चा अर्थ लाकूड. पहिल्या ‘ओ’चा शब्दशः अर्थ ‘उंच’ असला, तरी जुन्या फ्रेंच वादकांच्या बोलीत वाद्यांचे दोन वर्ग असत, एक ‘उंच’ आणि एक ‘खालचा’, आणि ही उंची स्वराची नसून आवाजाच्या जोराची होती. तुतारी, शॉम, नगारे ही उंच वाद्ये होती, तर वीणेच्या जातीची तंतुवाद्ये आणि मऊ बासऱ्या खालची. तेव्हा ‘ओब्वा’ म्हणजे ‘मोठ्या आवाजाचे लाकडी वाद्य’. पुढे फ्रेंचांच्या नव्या, सौम्य वाद्यालाही तेच नाव राहिले, आणि ‘मोठा आवाज’ असे नाव असलेले वाद्य सभागृहात बसून हळुवार गाऊ लागले. त्या काळी फ्रेंचमध्ये ‘ब्वा’चा उच्चार ‘ब्वे’कडे झुकत असे. इटालियनांनी तो ऐकला तसा ‘ओबोए’ असा लिहून घेतला, आणि त्याच रूपाने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्रजीतल्या ‘होबॉय’ला हळूहळू बाजूला सारले.

बदल केवळ नावात नव्हता. शॉमच्या पत्तीच्या बुडाशी लाकडाची एक छोटी टोपी असते, तिच्यावर ओठ टेकवायचे आणि पत्ती तोंडाच्या पोकळीत मोकळी थरथरू द्यायची, अशी ती पद्धत होती. त्यामुळे आवाज जबरदस्त निघे, पण तो ओठांच्या ताब्यात फारसा राहत नसे. फ्रेंचांनी ती टोपी काढून पत्ती थेट ओठांत घेतली, नळीचा आतला पोकळ भाग अरुंद केला आणि वाद्य तीन जोडांत विभागले, म्हणजे प्रत्येक भाग वेगळा आणि काटेकोर कोरता येऊ लागला. लाकूड बहुधा बॉक्सवूड, म्हणजे पिवळसर आणि घट्ट वीणीचे, आणि त्यावर पितळी किंवा चांदीच्या दोन-तीन चाव्याच असत. बाकी सगळे स्वर बोटांच्या आडव्यातिडव्या जुळणीने आणि ओठांच्या दाबाने काढावे लागत. आजचा ओबो ग्रेनाडिला या काळ्या जड लाकडाचा असून त्याच्या अंगावर चाव्यांचे दाट जाळे असते, ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधल्या कारागिरांचे काम आहे.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. पत्ती थेट ओठांत धरणे, हे तर आपले सनईवादक करतच आले आहेत. मींड काढताना ते बोट छिद्रावरून अलगद सरकवतात आणि त्याच वेळी ओठांनी पत्ती किंचित आवळतात. म्हणजे जोराच्या बाबतीत सनई शॉमच्या जवळची असली, तरी ओठांच्या कारागिरीत ती ओबोच्या जवळची आहे. मी पहिल्यांदा एका लग्नात सनईवाल्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा त्यांच्या सनईला दोऱ्याने बांधून लोंबत ठेवलेल्या पाच-सहा जादा पत्त्या पाहून मला माझी पत्त्यांची डबी आठवली. त्यांनी एक पत्ती जिभेवर भिजवली, फुंकून पाहिली, मान हलवून परत सोडली आणि दुसरी उचलली. मी रोज सकाळी हेच करीत असे. नागपूरच्या मे महिन्यात तर पाण्याच्या वाटीतून काढलेली पत्ती ओठांपर्यंत नेईस्तोवर कडक होऊ लागते, आणि तीच पत्ती रात्री कूलरसमोर वाजवली की फुगून जड होते. त्यांची पत्ती गवताची आणि माझी युरोपातल्या बोरूच्या जातीच्या वेताची, पण दोघांचे दुखणे एकच.

इंग्लंडमध्ये नवे फ्रेंच वाद्य १६७० नंतरच्या दशकात फ्रेंच वादकांबरोबर आले. १६९५ मध्ये तिथे ‘होबॉय’ शिकवणारे एक छोटे पुस्तक निघाले, आणि त्यात चांगली पत्ती असेल तर हे वाद्य बासरीइतके मऊ वाजते, असे वाचकाला मुद्दाम समजावून सांगितले आहे. लोकांच्या डोक्यात ‘होबॉय’ म्हणजे कर्कश, मैदानी वाद्य असेच पक्के बसलेले असणार, नाहीतर एवढी ग्वाही देण्याची गरज पडली नसती.

म्हणून माझे मत असे आहे की, सतराव्या शतकाच्या मध्याआधीच्या लिखाणात ‘होबॉय’ दिसले तर मराठीत ‘सनई’ लिहावे आणि त्या शतकाच्या अखेरीनंतरच्या लिखाणात ‘ओबो’. आपल्या रंगसूचनेत ‘सनया आणि मशाली’ असे अनेकवचन ठेवावे, कारण हे वाद्य सहसा एकट्याने वाजत नसे. लहान-मोठ्या आकारांच्या शॉमचा ताफा असे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरी ‘बारा मोठे ओब्वा’ या नावाचा जो ताफा होता, त्यात खर्जाची वाद्ये वाजवणारेही होते, पण नाव सगळ्यांना मिळून एकच. आपण ‘वाजंत्री’ म्हणतो तेव्हा सनई, सूर (एकच स्वर धरून ठेवणारे साथीचे वाद्य) आणि संबळ हे सगळे त्यात येते, तसेच हे.

जर्मन फौजांत तर पायदळाच्या बँडमधल्या वादकाला ‘होबोइस्ट’ असे पदनावच होते. तो मग क्लॅरिनेट वाजवो की शिंग, कागदोपत्री होबोइस्टच. पहिल्या महायुद्धापर्यंत ते पदनाव चालू राहिले.

महालची पायपेटी

कामठीकर काका, आपले उत्तर वाचून माझ्या घरातले पन्नास वर्षांचे कोडे सुटले, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

आमच्या महाल भागातल्या घरी आजोबांचा पायाने भाता चालवायचा एक अमेरिकन ऑर्गन आहे. आजोबा संगीत नाटकांना साथ करीत आणि तो ऑर्गन त्यांनी एका बंद पडलेल्या नाटक मंडळीकडून घेतला होता. पट्ट्यांच्या वर ओढायच्या स्टॉपच्या, म्हणजे सुराचा रंग बदलणाऱ्या, नऊ खुंट्या आहेत आणि प्रत्येकीच्या तोंडावर पांढरी गोल चकती, तिच्यावर काळ्या, वेलबुट्टीच्या अक्षरांत नाव. त्यातली उजवीकडून तिसरी खुंटी आम्ही मुले अक्षरे जुळवून ‘हॉटबॉय’ अशी वाचत असू आणि आजोबाही तेच म्हणत. नाट्यपदाच्या अंतऱ्यात गायक वर चढला की, ‘हॉटबॉय ओढ’, असे ते मला सांगत. हे कशाचे नाव आहे, हा प्रश्न त्यांनाही कधी पडला नसावा, कारण त्यांच्या लेखी ते एका रंगाचे नाव होते. ती खुंटी ओढली की सुराला एक टोकदार, किंचित नाकातली धार येते आणि ती गायकाच्या आवाजाखाली दबत नाही. आता कळले की ते ‘होबॉय’चेच इंग्रजी स्पेलिंग (hautboy) होते, आणि त्या खुंटीवर सनईच्या युरोपीय भावंडाचे नाव होते.

या नावाचा इतिहास मी नंतर थोडा शोधला. चर्चमध्ये असतात त्या नळ्यांच्या मोठ्या ऑर्गनमध्ये ‘होबॉय’ हा स्टॉप जुना आहे. इंग्लंडमधल्या ऑर्गनांत तो बहुधा खिडकीसारख्या झडपा असलेल्या पेटीत बंद असतो आणि झडपा उघडतील तसा त्याचा आवाज मोठा होत जातो. त्याच्या नळ्या बारीक आणि वर रुंदावत जाणाऱ्या असतात, आणि प्रत्येक नळीच्या बुडाशी पितळेची एक जीभ खाचेवर आपटत थरथरते. तिकडून हे नाव घरगुती पेट्यांवर उतरले. फ्रान्समध्ये बनलेल्या हार्मोनियमांच्या स्टॉपवर आकडे असत, आणि चौथ्या क्रमांकाच्या सुरांच्या, म्हणजे थरथरणाऱ्या पितळी जिभांच्या, संचाला डाव्या, म्हणजे खर्जाच्या अर्ध्या भागात ‘बासॉन’ आणि उजव्या अर्ध्या भागात ‘ओब्वा’ असे नाव असे. एकाच संचाचे ते दोन तुकडे. खऱ्या वाद्यांतही बासॉन हा ओबोचा खर्जातला सोबती आहे, त्यामुळे ही विभागणी करणाऱ्याने विचारपूर्वक नावे दिली, असे मला वाटते.

मात्र एक फरक लक्षात ठेवायला हवा. आमच्या ऑर्गनमध्ये वेताची पत्ती कुठेच नाही. आत पितळी सूर आहेत, ते आपल्या नेहमीच्या पेटीसारखेच एका चौकटीतून मोकळे आत-बाहेर होतात. फरक एवढाच की आपल्या पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो आणि अमेरिकन ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. मी मागच्या दिवाळीत तो उघडून साफ केला, तेव्हा ‘हॉटबॉय’च्या खुंटीमागची लाकडी दांडी कुठवर जाते ते पाहिले. ती फक्त एक नमद्याची झडप वर उचलते आणि त्या झडपेखाली सुरांची एक ओळ आहे, बस्स. त्या ओळीतल्या पितळी जिभांची टोके इतरांपेक्षा किंचित वेगळी वाकवलेली दिसली, आणि धार बहुधा त्या वाकण्यातूनच येते. म्हणजे स्टॉपवर नाव वाद्याचे असले, तरी आत वाद्य नसून त्याच्या आवाजाची आठवण आहे.

ताई, आपल्या अभिवाचनाला या ऑर्गनचा उपयोग होत असेल तर घेऊन जावा, पण मशालींच्या प्रवेशाला तो पुरणार नाही. तिथे काकांचे म्हणणेच खरे आहे.

धरमपेठची परसबाग

फळाचे उत्तर मी देते. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि आता गच्चीवर कुंड्यांत स्ट्रॉबेरी लावण्याचा दरवर्षी खटाटोप करते. हिवाळ्यात ती चांगली धरते, मार्च उजाडला की मान टाकते.

‘होबॉय’ हे स्ट्रॉबेरीच्या एका वेगळ्या जातीचे इंग्रजी नाव आहे. शास्त्रीय नाव फ्रागारिआ मोस्काटा. मूळ मध्य युरोपातल्या रानांतली. तिचे फळ लहान, काळपट लाल आणि वासाला कस्तुरीसारखे घमघमीत असते, शास्त्रीय नावातला ‘मोस्काटा’ तोच वास सांगतो. तिच्या फुलाफळांचे देठ पानांच्या वर ताठ उभे राहतात, म्हणून ‘उंच लाकूड’ या अर्थाने हे नाव पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. तेव्हा कामठीकरांनी सांगितलेल्या ‘उंच’ या शब्दाचे दोन मार्ग झाले. वाद्यात त्याचा अर्थ आवाजाचा जोर आणि झाडात मात्र खरोखरची उंची.

मिसेस एल्टन यांच्या त्या संवादात ‘होबॉय’च्या पाठोपाठ ‘चिली’चाही उल्लेख येतो, तो आपण पाहिलाच असेल. ‘एमा’ १८१५ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि तिच्या मुखपृष्ठावर १८१६ हे साल आहे. तेव्हाच्या इंग्रजी बागांत वेगवेगळ्या जातींच्या स्ट्रॉबेऱ्या शेजारी-शेजारी लावलेल्या असत आणि कोणती सरस यावर लोक हिरिरीने बोलत. ‘चिली’ म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या चिलीतून आलेली मोठ्या फळाची जात. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये तिची रोपे फ्रान्सला आणली. तिचा आणि उत्तर अमेरिकेतल्या एका जातीचा संकर होऊन आजची मोठी स्ट्रॉबेरी निर्माण झाली. आपल्याकडे महाबळेश्वरहून येते ती आणि अलीकडे चिखलदऱ्याहून नागपूरच्या बाजारात खोक्यांतून येते ती, दोन्ही या संकराच्याच. होबॉयचे रक्त त्यांत नाही. पेशीतल्या गुणसूत्रांची संख्याही जुळत नाही. होबॉयची ४२ आणि आजच्या स्ट्रॉबेरीची ५६.

तरीही होबॉय आणि चिली या दोघींची एकदा गाठ पडली होती, आणि तो प्रसंग मला फार आवडतो. होबॉयमध्ये नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते, आपल्या पपईसारखे. माळ्यांना हे ठाऊक नसल्याने फळ न धरणारी झाडे ते उपटून टाकत आणि मग बाकीचीही फळ का धरत नाहीत, म्हणून हळहळत. फ्रान्समध्ये दुशेन नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने हे लिंगभेदाचे गणित ओळखले. चिलीहून आलेल्या रोपांत सगळ्या माद्याच होत्या. त्यांच्या फुलांवर त्याने होबॉयचे पराग टाकले, आणि १७६४ च्या जुलैत मोठमोठ्या फळांनी लगडलेली कुंडी पंधराव्या लुईपुढे नेऊन ठेवली. चौदाव्या लुईच्या दरबारात या नावाचे वाद्य मोठे झाले आणि त्याच्या पणतूच्या दरबारात याच नावाच्या झाडाच्या परागांनी ती फळे धरली, हे आपल्या चर्चेमुळेच माझ्या ध्यानात आले.

फळाच्या नावातला ‘स्ट्रॉबेरी’ हा भाग गळून नुसते ‘होबॉय’ कसे उरले, याचे नवल वाटायला नको. कळमना बाजारात संत्र्याच्या ढिगापाशी उभे राहिले की ‘हा अंबिया आहे, मृग अजून यायचा आहे’, असे कानावर पडते. अंबिया आणि मृग ही बहराची नावे, पण बोलणारा त्यातून फळच सांगत असतो आणि ऐकणाऱ्याला तेच कळते. कादंबरीच्या भाषांतरात मी तरी ‘होबॉय जातीची स्ट्रॉबेरी’ असे एकदा स्पष्ट लिहीन आणि पुढे नुसते ‘होबॉय’ ठेवीन.

धंतोलीचा रसिक

फळाविषयी आणि ऑर्गनविषयी शंका नाही, पण नाटकात ‘सनई’ लिहिण्याला माझा विरोध नोंदवतो. इतिहासाच्या दृष्टीने शॉम आणि सनई एका कुळातली असतील, तरी मराठी श्रोत्याच्या मनात सनईला एकच जागा आहे, ती म्हणजे मंगलकार्याची. सनई कानावर पडली की आपल्याला मांडव, अक्षता आणि पहाटेचा देवळातला चौघडा आठवतो. स्कॉटलंडमधल्या दगडी गढीच्या दारात ती वाजली, तर श्रोता तिथून उठून थेट मराठी वाड्यात येऊन बसेल. ‘अँटनी आणि क्लिओपात्रा’ या नाटकात तर हेच होबॉय रंगमंचाच्या तळाखालून वाजतात आणि ते गूढ सूर ऐकून पहाऱ्यावरचे शिपाई, अँटनीचा आवडता देव त्याला सोडून चालला आहे, असा अर्थ लावतात. तिथे सनई लिहिली तर प्रसंगाचा अर्थच उलटा होईल. अपरिचित वाद्याला अपरिचित नावच असू द्यावे. ‘शॉम’ लिहावे आणि कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीत खुलासा द्यावा, असे मला वाटते.

कामठीकर

रसिकमहोदय, आपला आक्षेप वजनदार आहे आणि ‘अँटनी’च्या बाबतीत मी तो पूर्णपणे मान्य करतो. त्या नाटकाचे भाषांतर असते, तर मीही ‘सनई’ सुचवली नसती.

परंतु ‘मॅकबेथ’मध्ये होबॉय किती वेळा आणि कुठे वाजतात, ते एकदा ओळीने पाहावे. पहिल्यांदा ते सहाव्या प्रवेशात राजाच्या स्वागताला वाजतात. लगेच सातव्या प्रवेशाच्या आरंभी, आत राजाला मेजवानी चालू असताना, वाढपी ताटे घेऊन रंगमंचावरून जातात तेव्हा पुन्हा वाजतात. ते सूर विरतात न विरतात तोच मॅकबेथ एकटा पुढे येतो आणि मनाशी म्हणतो की, मी याचा आप्त, याचा सेवक आणि शिवाय यजमान, मारेकऱ्याच्या तोंडावर दार लावून घेणे हे माझे काम, सुरा मी स्वतः कसा उचलू? म्हणजे पाहुणा घरात आल्याचे, त्याला पानावर बसवल्याचे मंगलसूर अजून कानात आहेत आणि यजमान त्याच्या खुनाचा विचार करतो आहे. आपण म्हणता ती सनईची मांगल्याची जागाच या प्रसंगाला हवी आहे. ‘शॉम’ या शब्दाने मराठी श्रोत्याला एक वाद्य कळेल, पण अतिथीचा मान कळणार नाही.

आणि तिसरी जागा चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशातली आहे. चेटकिणींची कढई जमिनीत खचू लागते, मॅकबेथ विचारतो की हा कसला आवाज, आणि तेथे रंगसूचना पुन्हा तीच आहे, होबॉय. त्या सुरांवर आठ राजांची मिरवणूक निघते, ज्या राजांत मॅकबेथच्या वंशातला एकही नाही. स्वागताला वाजलेले वाद्यच इथे परत येते. तिन्ही ठिकाणी एकच शब्द असला, तर वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला हा धागा लागेल. एका ठिकाणी सनई, दुसऱ्या ठिकाणी शॉम आणि तिसऱ्या ठिकाणी नुसते ‘वाद्यांचा आवाज’ असे झाले, तर तो तुटेल.

धंतोलीचा रसिक

चौथ्या अंकातली सूचना माझ्या लक्षात नव्हती. तीच सनई चेटकिणींच्या गुहेत पुन्हा ऐकू येणार असेल, तर माझा आक्षेप मी मागे घेतो. मात्र एक विनंती आहे. तिथे लग्नातली धून नको आणि संबळही नको. पहिल्या वेळी वाजलेलाच तुकडा खालच्या पट्टीत, सावकाश वाजावा.

लक्ष्मीनगरची वाचक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. काल रात्री संहिता पुन्हा उघडली आणि तिन्ही ठिकाणचा ‘ओबो’ खोडून ‘सनया’ केले. सहाव्या प्रवेशावर आता ‘सनया आणि मशाली’ आहे, सातव्यावर ‘सनया, मशाली, वाढप्यांची ये-जा’, आणि चौथ्या अंकात ‘कढई खचते. सनया.’ शेवटच्या ठिकाणी तो शब्द लिहिताना मला स्वतःलाच पहिल्या अंकातली लेडी मॅकबेथ दारात उभी दिसली, त्यामुळे अन्य शब्दाचा विचार मी सोडून दिला. ‘एमा’च्या पानावरही धरमपेठच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.

महालच्या दादांचा ऑर्गन आम्हाला झोपेत चालण्याच्या प्रवेशासाठी मिळाला, तर फार बरे होईल. तिथे मूळ नाटकात वाद्यांची काहीच सूचना नाही, पण दासीच्या आणि वैद्याच्या कुजबुजीखाली एखादा लांब सूर असावा, असे आमच्या दिग्दर्शकांना वाटते. ‘हॉटबॉय’ची खुंटी मात्र तेव्हा बंदच ठेवावी लागेल.

आता सनईवादक शोधणे उरले आहे. कामठीकर काका, ध्वनिमुद्रण वापरायचे नाही असे आमचे ठरले आहे. रविवारी सकाळी दहा वाजता तालीम आहे. आपल्या ओळखीचे कुणी असल्यास कळवावे.

कामठीकर

त्या लग्नात ज्यांच्या शेजारी बसलो होतो, त्यांच्याशी आजच फोनवर बोललो. ते आणि त्यांचा पुतण्या दोघेही येतील, पुतण्या सूर धरतो. आठ राजांच्या मिरवणुकीविषयी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी कोणते राजे, असे विचारले आणि सगळी गोष्ट ऐकून घेतली. मी माझा ओबोही बरोबर आणतो, म्हणजे दोन्ही आवाज एकदा शेजारी-शेजारी ऐकता येतील. पत्त्या भिजवायला तिथे पाण्याच्या दोन वाट्या भरून ठेवाव्यात.